चार कादूस पाणी

दलेंदाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती टेबलाखाली होती. दिसत होत्या फक्त निळ्या प्लास्टिकच्या चपला आणि एक हात, आणि तो हात बाहेर येऊन पक्कड मागत होता. पाणीवाटप मंडळाच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम दोन दिवस झाले होते. मी तिथला हेडक्लार्क. हेडक्लार्ककडे पक्कड मागायची नसते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी शोधून दिली, आणि तिथेच माझं चुकलं. पुढली एकोणीस वर्षं ती माझ्याकडे काही ना काही मागतच राहिली.

ऐन सिद्रात, आमच्या या वाळवंटातल्या गावात, कुणाची जमीन किती हे कुणी विचारत नाही, पाणी किती ते विचारतात. सोयरीक जुळवतानाही तेच. पाणी जमिनीपासून वेगळं विकलं जातं आणि वारसाला वेगळं मिळतं. त्याचं माप कादूस. कादूस म्हणजे बुडाला भोक असलेलं मडकं, भरलं की रिकामं व्हायला पाच मिनिटं घेतं. ती मडकी केव्हाच माळ्यावर गेली, झरे आटले, तीन बोअर आले, व्हॉल्व्ह विजेवर उघडायला लागले, पण माप तेच राहिलं. दिवसही तोच राहिला. आमच्या पाण्याचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो, आणि सूर्य मावळला हे हाज तिजानी ठरवतो. हाज तिजानी आमचा पाटकरी. तो जुन्या झऱ्याच्या टेकाडावर उभा राहतो आणि समोरच्या डोंगराच्या कड्याआड सूर्य गेला की हात खाली करतो. पंचांग काय म्हणतं, टीव्ही काय म्हणतो, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

या सगळ्याचा हिशेब आधी माझ्या वह्यांत होता आणि रोज एक तरी भांडण माझ्या टेबलावर येत होतं. सरकारने दिलेला संगणक कोपऱ्यात कापडाखाली पडून होता. दलेंदाने गाबेस शहरात दोन वर्षं संगणक शिकून, बाप आजारी पडला म्हणून अर्ध्यात सोडलं होतं. बाप खजुरीवर चढून परागण करणारा, शेवटी झाडावरूनच पडला. तिने येताना एका वर्गमैत्रिणीकडून सीडी आणली होती, त्यात लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली. ते तिने त्या संगणकात घातलं आणि पाणीपाळीचा प्रोग्राम स्वतः लिहिला. कुणाचा परवाना नाही की परवानगी नाही. साहेबांना कळलं तेव्हा तीन महिने झाले होते आणि तीन महिन्यांत एकही भांडण आलं नव्हतं, म्हणून साहेबही गप्प बसले.

एक गोष्ट मात्र तिने तेव्हा घाईत केली. सूर्यास्ताचा हिशेब प्रोग्रामला शिकवण्यापेक्षा सोपं म्हणून तिने संगणकाचं घड्याळच हलवलं. दर शुक्रवारी संध्याकाळी हाज टेकाडावरून फोन करायचा, "गेला गं पोरी," आणि ती त्या क्षणी यंत्राचं घड्याळ शून्यावर आणायची. एकोणीस वर्षं दर शुक्रवारी ती कचेरीत. लग्नाची स्थळं आली, त्यांनाही ती सांगायची, शुक्रवार सोडून या. उन्हाळ्यात जगाचे सकाळचे दहा वाजले की आमच्या यंत्रात दुपारचे सव्वादोन वाजलेले असायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ते पाण्याचं यंत्र, पाण्याची वेळ दाखवणारच.

पत्र आलं ते मे महिन्यात. राजधानीतल्या वरच्या कार्यालयाचं, दोन पानी, तीन शिक्क्यांचं. मी ते मोठ्याने वाचलं, कारण शिक्के जास्त असले की माझा आवाज आपोआप चढतो. मतलब असा: तुमच्या संगणकावर लिनक्सचा जो वाण चालतो त्याचा सपोर्ट तीस जूनला संपतो. त्यानंतर त्यात कुठे भोक सापडलं तरी बुजवायला कुणी येणार नाही. सबब असं यंत्र चालू ठेवता येणार नाही. पाणीपाळीचं काम एका कंपनीच्या तयार प्रणालीवर न्यावं. सोबतचा तक्ता भरून पाठवावा.

दलेंदा भाकरीला ऑलिव्हचं तेल आणि तिखट लावत होती. "डॉक्टर रिटायर झाला म्हणून कुणी रोग्याला पुरतं का, सी लझर?" लझर म्हणजे मी, आणि 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव'.

"मला काय विचारतेस? मी फक्त वाचतो."

"तेच तर. एकतीस वर्षं नुसतं वाचताय."

असली बोलणी मी तिच्याकडूनच ऐकून घ्यायचो, दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. मग आम्ही तक्ता उघडला. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. कंपनीच्या प्रणालीत एक तासापेक्षा लहान पाळी बसत नाही. त्याहून लहान हिस्सा लगतच्या मोठ्या हिस्सेदाराच्या नावात मिळवावा.

तासाहून कमी पाणी असलेली सेहेचाळीस नावं होती. चव्वेचाळीस बायकांची. वाटण्या होत होत बायकांच्या वाट्याला तुकडेच येतात, आणि तो तुकडाच त्यांचा जीव असतो. खाला झिनाचे, साऱ्या गावाच्या त्या मावशीचे, चार कादूस होते. आठ दिवसांतून एकदा वीस मिनिटं, त्यावर खजुरीची अकरा झाडं, झाडांखाली थोडा लसूणघास आणि त्यावर तीन शेळ्या. नवरा गेल्यापासून तिचं सगळं त्यावर चालत होतं.

"खाला झिनाचं पाणी कुणात जाईल?" दलेंदाने विचारलं.

"लगतच्या. म्हणजे लमीनच्या."

लमीन झिनाचा दीर. भाऊ गेल्यानंतर त्याने भावजयीला साधा सलामही केला नव्हता, पाणी कुठून देणार? दलेंदाने भाकरी तशीच ठेवली आणि बोटं पुसली.

"मग हे होणार नाही," ती म्हणाली.

"होणार नाही म्हणजे? तीन शिक्के आहेत त्यावर!"

"सपोर्ट संपलेला वाण चालणार नाही ना? ठीक. बदलते वाण. तो कुठला बदलायचा ते मी ठरवीन, त्यांनी नाही."

मी हसलो. आणि त्याच दुपारी, ती जेवायला गेल्यावर, मी तो तक्ता भरला. खोटं कशाला बोलू? माझं अक्षर चांगलं आहे, आणि रिकामे रकाने माझ्याने बघवत नाहीत. सेहेचाळीस नावं, प्रत्येकापुढे कुणाच्या नावात मिळवलं त्याचं नाव. भरून ड्रॉवरमध्ये ठेवला. वेळ आलीच तर हाताशी असावा, असं मी स्वतःला सांगितलं.

चौथ्या दिवशी राजधानीतून इंजिनियर आला. सी अन्वर. टोकदार बूट, पण माणूस वाईट नव्हता. खजुरीचा ताजा रस दोन पेले प्यायला आणि मग यंत्रासमोर बसला. घड्याळ पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लल्ला दलेंदा," बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं तो म्हणाला, "तुमचं यंत्र सव्वाचार तास पुढे आहे."

"तुमचं मागे असेल."

"हे बघा, मी भांडायला आलेलो नाही. पाच-पाच मिनिटांचं पाणी जगात कुठे राहिलंय आता?"

"इथे."

तो माझ्याकडे वळला. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

"बरं," तो म्हणाला, "कंपनी नको असेल तर एकच वाट आहे. सपोर्ट असलेला वाण बसवा. यंत्र इंटरनेटच्या जाळ्याला जोडलेलं पाहिजे, म्हणजे दुरुस्त्या वेळच्या वेळी उतरतील. आणि मी पुन्हा येईन तेव्हा पाळी बिनचूक चालताना दिसली पाहिजे. एक चूक दिसली तरी तक्ता घेऊन जाईन. मंजूर?"

"मंजूर. चहा घेऊन जा."

लिनक्सचे वाण खजुरासारखेच पुष्कळ. आमचा जुना वाण ज्यांनी काढला त्यांनीच तो मध्येच सोडून दिला होता, याचा दलेंदाला खरा राग होता. म्हणून तिने असा निवडला ज्याच्यामागे कुठली कंपनी नाही, जगभरची हजारभर माणसं मिळून सांभाळतात. "एकाने हात काढून घेतला तर बाकीचे आहेत," ती म्हणायची. शाळेच्या भंगारातून तिने दुसरा संगणक उचलून आणला, खोलला, त्यातली वाळू ब्रशने काढली. जुन्या यंत्रातलं सगळं दोनदा उतरवून घेतलं; एक प्रत कचेरीत, एक घरी पिठाच्या डब्यात. मग नवा वाण बसवला. आणि प्रोग्राम काही केल्या चालेना. एकोणीस वर्षांत खालची सगळी विटामाती बदलली होती, तो ज्या तुकड्यांवर उभा होता ते तुकडेच नव्या वाणात नव्हते. पंधरा दिवस ती एकेक ओळ बदलत बसली. मधूनच इतक्या शिव्या घालायची की शेजारच्या टपालखात्यातला माणूस खिडकी लावून घ्यायचा.

प्रोग्राम चालला तेव्हा तिने मला कामाला लावलं. पूर्वी खजूर उतरल्यावर पाणीप्रमुख अंगणात सगळ्यांसमोर नावं आणि हिस्से मोठ्याने वाचायचा, ज्याचं चुकलं त्याने हात वर करायचा. ती पद्धत बंद पडून वीस वर्षं झाली होती. दलेंदाने कचेरीच्या अंगणात चटया टाकल्या आणि नव्या यंत्रातून निघालेली यादी माझ्या हातात दिली. तीनशे बारा नावं मी वाचली. घसा बसला. झिनाचं नाव आलं तेव्हा झिनाच मागून ओरडली, "चार! चारच ना? पुन्हा वाच!" मी पुन्हा वाचलं. एकही हात वर झाला नाही. त्या दिवशी मला ड्रॉवरमधल्या तक्त्याची पहिल्यांदा लाज वाटली. पण फाडला नाही. मी तसा शूर माणूस नाही.

शुक्रवारी संध्याकाळी हाजने हात खाली केला, फोन केला, दलेंदाने नव्या यंत्राचं घड्याळ शून्यावर आणलं आणि जुनं बंद केलं. शनिवार, रविवार निर्धोक गेले. व्हॉल्व्ह कादूसाला कादूस उघडत होते. सोमवारी सकाळी दहा वाजता, इंजिनियरच्या अटीप्रमाणे, तिने यंत्राला जाळ्याची वायर जोडली आणि दुरुस्त्या उतरवून घ्यायला लागली. सगळं गोडीत चाललं होतं. मी बदाम घातलेला चहा मागवला.

साडेअकरा वाजता हाज तिजानी गुडघाभर चिखलाने दारात उभा.

"पोरी! तुझं यंत्र प्यायलंय का?"

त्याच्यामागे खाला झिना. ओरडत नव्हती. हातात फावडं, आणि फावड्याला चिमूटभर ओली माती नव्हती. ती अकरा वाजल्यापासून बांध फोडून पाटाच्या तोंडाशी उभी होती. तिची वीस मिनिटं आली आणि गेली, पाणी आलंच नाही. पाणी लमीनच्या बागेत चाललं होतं. पहाटे सहाला त्याची पाळी होऊन गेली होती, आणि आता दुसऱ्यांदा! तो गडी सावलीत बसून बघत होता, तोंडातून चकार शब्द नाही.

दलेंदाने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. घड्याळात साडेअकरा वाजले होते. खरे साडेअकरा, साऱ्या जगाचे. नव्या वाणाला सवय होती की जाळं मिळालं की आधी वेळ विचारायची आणि आपलं घड्याळ लावून घ्यायचं. त्याने इमानदारीने विचारली आणि लावली. यंत्राच्या लेखी दिवस सव्वाचार तास मागे गेला, आणि पहाटेच्या पाळ्या त्याने पुन्हा सुरू केल्या.

कुणी म्हणालं वाणच खोटा आहे. कुणी म्हणालं कंपनीच बरी. दलेंदा अंगणात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "वाण बरोबर आहे. चूक माझी आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी आळस केला आणि घड्याळाला खोटं बोलायला शिकवलं. नवं यंत्र खोटं बोलत नाही, एवढंच झालंय."

"त्याने माझी झाडं भिजतील का?" झिना म्हणाली. जूनचं ऊन, आणि पुढचं पाणी आठ दिवसांनी.

हाज लमीनकडे गेला. आमच्यात चुकून आलेलं पाणी पुढच्या पाळीत परत द्यायची रीत आहे. लमीन म्हणाला, "मी मागितलं नव्हतं. यंत्राने दिलं. यंत्राकडून घ्या."

"ठीक आहे," दलेंदा म्हणाली. "उद्या माझी पाळी आहे. त्यातले चार कादूस खाला झिनाला."

बापाने ठेवलेले तिचे सहाच कादूस होते. सहातून चार गेले तर दोनात काय भिजणार? मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, वेड लागलंय का तुला. ती म्हणाली, "चूक माझी, पाणीही माझंच जाणार. तुमची चूक असती तर तुमच्याकडून घेतलं असतं."  माझी चूक ड्रॉवरमध्ये होती.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. त्यांनी राजधानीला फोन केला होता. सी अन्वर पुढच्या मंगळवारी येणार होता. "लझर, तो तक्ता भरून ठेव," साहेब म्हणाले. "आता त्याशिवाय गती नाही." भरलेला तक्ता दहा पावलांवर होता. एकतीस वर्षांत मी साहेबांना नाही म्हटलेलं नव्हतं. "बघतो, साहेब," मी म्हणालो, आणि बाहेर येऊन ड्रॉवरला कुलूप लावलं. एवढंच केलं. पण माझ्यासारख्याला ते पुष्कळ होतं.

दलेंदाने जुनं यंत्र पुन्हा जोडलं; तीस तारखेपर्यंत ते चालवायला कुणाची ना नव्हती. नव्याचं ती काय करणार हे मला समजत होतं. घड्याळाची ती सवय मोडायची, वेळ पुन्हा सरकवायची, झालं. मी तसं सुचवलंही.

"नाही," ती म्हणाली. "घड्याळ चुकीचं ठेवलं तर दुरुस्त्या धड उतरत नाहीत, आणि सी अन्वर ते पहिल्या मिनिटाला पकडेल. शिवाय पुन्हा तोच आळस? घड्याळ खरंच राहील. आता प्रोग्रामनेच सूर्य ओळखायचा."

"पंचांगात असतो की सूर्यास्त."

"त्यांचा सूर्य समुद्रात मावळतो. आपला कड्याआड जातो, कितीतरी मिनिटं आधी. आणि तो फरक रोज वेगळा, कारण कडा सरळ नाही. मला वर्षभराच्या प्रत्येक दिवसाचा आपला सूर्यास्त हवा."

हाजला विचारलं. हाज म्हणाला, "मी लिहून कशाला ठेवू? सूर्य काय पळून जातोय?"

दोन दिवस ती डोकं धरून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत आलो तर ती जुन्या यंत्रासमोर बसून रडत होती. मला वाटलं ते बंद पडलं.

"सी लझर," ती म्हणाली, "याने सगळं लिहून ठेवलंय."

दरवेळी तिने घड्याळ हलवलं की ते यंत्र नोंद करत होतं, असं ती सांगत होती. तारीख, किती हलवलं, सेकंदापर्यंत. तिने कधी काही पुसलं नव्हतं. एकोणीस वर्षांचे नऊशेच्या वर शुक्रवार ओळीने त्यात पडले होते, आणि प्रत्येकात हाजचा हात खाली आल्याचा क्षण. शुक्रवार दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, त्यामुळे वर्षातला जवळजवळ प्रत्येक दिवस कधी ना कधी मोजला गेला होता. दोनच शुक्रवार कोरे होते. एकदा वाळूचं वादळ होतं. दुसऱ्यांदा हाजचा मुलगा वारला होता. ती तारीख आम्ही दोघांनी पाहिली आणि हाजला सांगायचं नाही असं ठरवलं.

ज्या यंत्राला भंगारात टाका म्हणून पत्र आलं होतं, त्याच्या पोटात आमचा सगळा सूर्य होता. मला इतका संताप आला की मी ते पत्र काढून पुन्हा वाचलं, या वेळी आवाज न चढवता.

त्या नोंदींवरून दलेंदाने रोजचा सूर्यास्त नव्या यंत्रातल्या प्रोग्रामला शिकवला. मंगळवारी सी अन्वर आला. या खेपेला रसही घेतला नाही. यंत्र पाहिलं. वाण नवा, दुरुस्त्या उतरलेल्या, घड्याळ खरं. "पाळी दाखवा," तो म्हणाला. दलेंदा त्याला यंत्रासमोर न बसवता सरळ झिनाच्या बागेत घेऊन गेली. त्याचे टोकदार बूट पाटाच्या चिखलात रुतले. झिना फावडं घेऊन बांधाशी उभी होती. आणखी पाचपन्नास माणसं जमली होती. लमीनही होता, लांब.

हाजने माळ्यावरचं मडकं खाली आणलं होतं. "माझा यंत्रावर विश्वास आहे," तो म्हणाला, "पण मडक्यावर जास्त आहे."

ठरल्या क्षणाला पाटात आवाज झाला आणि पाणी आलं. हाजने मडकं भरून सोडलं. झिना एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी वळवत पळत होती, साठीची बाई, परकर खोचून. एक कादूस. दोन. तीन.  चौथ्यांदा मडकं रिकामं झालं, शेवटचा थेंब पडला आणि व्हॉल्व्ह बंद झाला. हाज उठला आणि त्याने इंजिनियरच्या पाठीवर चिखलाचा हात मारला. "कंपनीला हे जमतं का रे पोरा?"

सी अन्वर पहिल्यांदा हसला. पण कचेरीत परतल्यावर त्याने आपला फॉर्म काढला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "इथे सपोर्ट देणाऱ्याचं नाव लागतं. कुठली कंपनी?"

"कंपनी नाही. मी."

"तुम्ही एकट्या?"

"एकोणीस वर्षं एकटीच आहे."

"लल्ला, मी तुमच्या विरुद्ध नाही. पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर? नसलात तर? जुना वाण कशाने गेला? सांभाळणारे उठून गेले म्हणूनच ना?"

  दलेंदाकडे उत्तर नाही असं मी एकोणीस वर्षांत प्रथमच पाहत होतो, आणि ते मला अजिबात सहन झालं नाही. दारात झिना आणि तिच्या मागे दहाबारा बायका उभ्या होत्या, पाय तसेच चिखलाचे.

"माझं नाव लिही," झिना म्हणाली.

"खाला, तुला वाचता कुठे येतं?" मी म्हणालो.

"मोजता येतं. बाकीचं ही शिकवेल. कशी नाही शिकवत बघते!"

"माझंही," मागून आवाज आला. "माझ्या सुनेचं लिहा, ती कॉलेजात आहे." "माझं लिहा."

सी अन्वर म्हणाला, एवढी नावं या रकान्यात मावणार नाहीत, वेगळा कागद जोडा. मी ड्रॉवरचं कुलूप काढलं. समोर जो कागद आला तो उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर, माझ्या चांगल्या अक्षरात, बायका सांगतील तशी नावं लिहीत गेलो. अकरा झाली. मग थोडा थांबलो आणि बारावं माझं लिहिलं. तेवढं अक्षर बिघडलं.

सी अन्वरने कागद घेतला आणि उलटून पाहिला. "सी लझर, हा तर भरलेला तक्ता आहे."

"होता," मी म्हणालो, आणि त्याच्या हातातून घेऊन त्या बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारल्या. साहेब दारातून बघत होते. बघू दे म्हटलं. सी अन्वरने शिक्का काढला, नावांच्या खाली मारला, आणि खिशातून रुमाल काढून बूट पुसायला लागला.

पण दलेंदा तो कागद धरून उभी होती. रेघांखालचं सगळं वाचता येत होतं. तिचं बोट एकेक ओळ उतरत खाली आलं आणि थांबलं. तिथे तिचंच नाव होतं. सहा कादूस, चुलतभावाच्या नावात मिळवले. सेहेचाळिसांत ती होतीच. या दीड महिन्यात तिने झिनाचं नाव शंभरदा घेतलं होतं, स्वतःचं एकदाही नाही. आणि मी ते सगळे दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

 तिने कागद घडी घालून सी अन्वरला परत दिला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली. "उद्या सकाळी आठला या. पक्कड घेऊन. टेबलाखाली शिरायचंय."